कर्करोगानंतर नाकाची पुनर्रचना : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपापल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचे काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. मी नाकाच्या पुनर्रचनेचा विषय निवडला, याचे अनेक सहकाऱ्यांस नवल वाटले. बालरोगतज्ज्ञाचा नाकाशी संबंध सर्दीपुरता आणि मुलांनी नाकात घातलेल्या शेंगदाण्या-चिंचोक्यांपुरता, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. मात्र माझ्या व्यवसायातील एक जुनी चूक या विषयाशी बांधली गेलेली आहे. ती सांगितल्याशिवाय मी हा विषय का शिकलो, हे कळणार नाही.

2004 सालच्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एक जोडपे आपल्या तीन वर्षांच्या मुलीस घेऊन बेळगावात माझ्या दवाखान्यात आले. तक्रार जुलाबांची होती. मुलीच्या चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके पसरलेले होते आणि खिडकीकडे तोंड केले की ती डोळे मिटून घेत असे. आईने सहज विचारले तेव्हा, हे उन्हाचे डाग आहेत, तिला शेतावर नेऊ नका, असे सांगून मी एक लोशन लिहून दिले. आईवडील आतेमामे भावंडे असल्याची नोंद मी त्याच केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात केलेली होती. पुढे पाच वर्षांनी तो कागद पुन्हा हातात आला, तेव्हा ठिपके, प्रकाशाची असह्यता आणि रक्तसंबंधातील विवाह या तीन गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. त्या जोडण्याचे काम तेवढे माझ्याकडून झाले नव्हते.

2009 साली ती मुलगी आठ वर्षांची असताना पुन्हा आली. डाव्या नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवर मसुराच्या दाण्याएवढी जखम होती. चार महिने मलमे लावूनही ती भरत नव्हती. खपली धरे, पडे, थोडे रक्त येई. मी तिला आमच्या त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठविले. त्यांनी दारातूनच तिच्याकडे पाहिले आणि निदान सांगितले : झेरोडर्मा पिगमेंटोझम.

डॉक्टर वाचकांस हे नाव परिचित आहे. इतरांसाठी थोडे विवेचन करतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आपणा सर्वांच्याच त्वचेतील पेशींच्या डीएनएची रोज मोडतोड करतात. निरोगी शरीरात ही मोडतोड कापून काढून तेथे नवा तुकडा बसविणारी यंत्रणा अखंड काम करीत असते. या आजारात ती यंत्रणाच सदोष असते. आजाराचे वर्णन व्हिएन्नाच्या मोरिझ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकात केले होते, पण मूळ दोष दुरुस्तीयंत्रणेत आहे हे जेम्स क्लीव्हर यांनी 1968 साली दाखवून दिले. सदोष जनुक आईकडून व वडिलांकडून असे दोन्हीकडून आले, तरच आजार होतो. म्हणूनच मामा-भाची किंवा आतेमामे भावंडांचे विवाह जेथे रूढ आहेत, तेथे तो अधिक आढळतो. आपल्या सीमाभागास हे वेगळे सांगावयास नको. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात अशा रुग्णांना मेलॅनोमाखेरीजचा पहिला त्वचेचा कर्करोग होण्याचे मध्यक वय 9 वर्षे निघाले, तर तेथील सर्वसाधारण लोकांत ते 67 आहे. वीस वर्षांखालील वयात हा धोका सुमारे दहा हजार पटींनी वाढलेला असतो. नाक हा चेहऱ्याचा सर्वांत पुढे आलेला भाग, त्यामुळे उन्हाचा पहिला मान त्याचा.

बायॉप्सीचा अहवाल स्क्वेमस सेल कर्करोगाचा आला. गाठ लहान होती, मानेत कोठे पसरलेली नव्हती. ती वेळीच काढली असती, तर उरणारा खळगा जेमतेम दीड सेंटीमीटरचा झाला असता. मी आईवडिलांस व सोबत आलेल्या आजीस समोर बसविले आणि म्हणालो, "हा भाग कापून काढावा लागेल, नंतर प्लास्टिक सर्जरी करून नाक नीट करता येईल." आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, पोरीचं खरं नाक कापून प्लास्टिकचं बसवनार काय? कोन पदरात घेईल तिला?" ती मंडळी उठून गेली ती सात महिने परत आली नाहीत.

त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्लास्टिक हा शब्द घडविणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा बादल्या-बरण्यांच्या प्लास्टिकशी काही संबंध नाही, एवढे मी सांगू शकलो असतो. पण नाक नेमके कशाचे करतात, कातडी कोठून आणतात, ती जगते कशी, किती दिवस लागतात, हे मला स्वतःलाच धड ठाऊक नव्हते. ज्या समाजात नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने, तेथे मुलीच्या नाकाला सुरी लावण्याची संमती कोणी 'नंतर नीट करता येईल' या चार शब्दांवर देईल, ही अपेक्षाच चूक होती. कर्करोग काढण्याची संमती बहुधा पुनर्रचनेच्या माहितीवर अवलंबून असते, आणि ती माहिती देण्याची पहिली वेळ प्लास्टिक सर्जनवर नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या पहिल्या डॉक्टरवर येते. यास्तव पुढील माहिती मी सर्जन नसतानाही देत आहे.

प्रथम काढण्याविषयी. नाक वाचवावयाचे म्हणून गाठ थोडी कमी काढण्याचा मोह रुग्णालाही होतो आणि डॉक्टरलाही. यासारखा घातक मोह नाही. कर्करोगाची मुळे दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेली असतात, म्हणून भोवतालची काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढावी लागते. कमी धोक्याच्या बेसल सेल कर्करोगात साधारणतः 4 मिलिमीटर, स्क्वेमस प्रकारात बहुधा त्याहून थोडी अधिक. अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे फ्रेडरिक मोह्‌स यांनी 1930 च्या दशकात एक पद्धत सुरू केली. तीत एकेक पातळ थर काढून त्याची संपूर्ण कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जेथे रोग उरला असेल तेवढ्याच जागी पुढचा थर काढतात. नाकासारख्या, जेथे प्रत्येक मिलिमीटर मोलाचा, अशा जागी ही पद्धत उत्तम. पण ती आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे. जेथे ती नाही तेथे गाठ काढून, जखमेवर नुसती पट्टी बांधून, कडा स्वच्छ असल्याचा पॅथॉलॉजी अहवाल येईपर्यंत थांबावे आणि मगच पुनर्रचना करावी, हा मार्ग सुरक्षित. नातेवाईकांस तो उघडा खळगा पाहणे फार जड जाते. त्यांना आधी सांगून ठेवले, तर ते सोसतात. रोग उरलेला असताना त्यावर सुंदर कातडी पांघरली, तर रोग त्या पांघरुणाखाली निवांतपणे वाढत राहतो.

आता नाक म्हणजे काय ते पाहू. मी पालकांना आपल्याकडच्या कौलारू घराचे उदाहरण देतो. वर कौले, मध्ये वासे, आतून गिलावा. नाकाची बाहेरची त्वचा ही कौले. हाड आणि कूर्चा हे वासे. आणि नाकपुडीच्या आतले ओलसर अस्तर हा गिलावा. रोगाने आणि शस्त्रक्रियेने यांपैकी काय काय गेले, यावर दुरुस्ती ठरते. नुसती त्वचा गेली असेल तर काम सोपे. तिन्ही थर गेले असतील तर तिन्ही नव्याने उभारावे लागतात. अस्तराशिवाय बसविलेली त्वचा आतून आकसते, आणि वाशांशिवाय बसविलेले छप्पर श्वासागणिक आत ओढले जाते. येथे एक गंमत आहे. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेत निसर्गाने कूर्चा ठेवलेलीच नाही. तेथे केवळ जाड त्वचा व तंतुमय ऊती असतात. मात्र तीच कड नव्याने करताना सर्जनला कूर्चेची पट्टी घालावीच लागते, नाहीतर व्रण आवळताच नाकपुडी वर चढते किंवा मिटते.

लहान खळग्यांस साधे उपाय पुरतात. डोळ्याच्या कोपऱ्यालगतचा उथळ खळगा कित्येकदा आपोआप भरून येतो आणि छान दिसतो. काही ठिकाणी कानामागची किंवा कानापुढची त्वचा कलम म्हणून लावतात. नाकाच्या खालच्या भागातील, साधारण दीड सेंटीमीटरपर्यंतच्या खळग्यावर शेजारचीच त्वचा दोन पाकळ्यांच्या आकारात वळवून घेता येते. नाकपुडीसाठी गाल व ओठ यांमधील घडीतील त्वचाही वापरतात. कलम आणि फ्लॅप यांतील फरक मात्र घरच्या मंडळींस आवर्जून सांगावा. कलम म्हणजे मुळासकट उपटून दुसरीकडे लावलेले रोप. ते नव्या जागेच्या रक्तावर जगते. उघड्या कूर्चेसारख्या कोरड्या जागी ते मरते. फ्लॅप म्हणजे आपल्या रक्तवाहिनीसह वळवून आणलेली त्वचा. वेल जमिनीत मूळ ठेवूनच दुसऱ्या मांडवावर चढवावी तशी.

मोठ्या खळग्यांसाठी आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कपाळाची त्वचा. तिचा रंग, जाडी आणि पोत नाकाशी जुळतात. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी एक छोटी धमनी तिला रक्त पुरविते. या धमनीसह जेमतेम दीड सेंटीमीटर रुंदीचा देठ राखून कपाळाची त्वचा उचलतात, खाली फिरवितात आणि नाकावर शिवतात. तीन-चार आठवड्यांत तिला नाकाकडून नवे रक्त मिळू लागले, म्हणजे देठ कापतात.

या शस्त्रक्रियेची जगाला ओळख आपल्या पुण्याजवळून झाली, हे अनेक डॉक्टरांस माहीत असते. तपशील मात्र क्वचित कोणी वाचलेला असतो. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792 च्या म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्याचे बैल हाकीत होता. टिपूच्या लोकांनी त्यास पकडून त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. क्रुसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, सोबत जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेल्या चित्रावरून केलेला छाप होता. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा. भोवती रेघ ओढून तेवढी त्वचा सोडवावयाची. दोन डोळ्यांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवावयाची. सांध्यावर पाण्यात मऊ केलेल्या काथाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापावयाची. आजचे वेळापत्रक याहून फारसे वेगळे नाही! रुग्णाचे नाव उरले, पाहणाऱ्यांची उरली, चित्रकाराचे उरले. करणाऱ्याचे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

याच वर्णनावरून लंडनच्या जोसेफ कार्पू यांनी आधी मृतदेहांवर सराव केला, 1814 साली ही शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये प्रथम केली आणि 1816 साली दोन रुग्णांची हकीकत छापली. आपण सुश्रुताचे नाव अभिमानाने घेतो, ते योग्यच आहे. मात्र सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची त्वचा घेण्यास सांगितले आहे, कपाळाची नव्हे. कपाळाकडे ही विद्या केव्हा वळली, याची नोंद सुश्रुताच्या ग्रंथात शोधू नये. माप घेण्यासाठी सुश्रुताने झाडाचे पान वापरावयास सांगितले, पुण्याच्या कारागिराने मेण वापरले आणि आमच्या मुलीच्या वेळी सर्जनने टाक्यांच्या धाग्याच्या पाकिटाची चांदी कापून वापरली.

होय, सात महिन्यांनी ती मंडळी परत आली. मधल्या काळात कोणाचा तरी लेप झाला होता. डाव्या नाकपुडीची कड पूर्ण गेली होती आणि जखम शेंड्यापर्यंत पोचली होती. मानेत गाठी नव्हत्या, हे नशीब. या खेपेस मी सर्जनला विनंती करून आधी स्वतः सर्व समजून घेतले आणि मग आजींना कागदावर चित्र काढून दाखविले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कातडं तिचंच ना?" मी हो म्हणालो. त्यांनी आईला सांगितले, अंगठा दे.

मुलांत काही गोष्टी वेगळ्या असतात. मोठ्या माणसांत नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा वापरता येते. पण मुलांत तोच पडदा नाकाच्या वाढीचे केंद्र असल्याने त्याला शक्यतो हात लावीत नाहीत. म्हणून तिच्या कानाच्या खोलगट भागातील कूर्चा घेतली. तिच्या कपाळाच्या त्वचेनेही ऊन सोसलेलेच होते. पुढे तेथेही रोग होऊ शकतो, हे सर्जनने घरच्यांना स्पष्ट सांगितले. इतके रक्त सोबत आणणारी दुसरी त्वचा जवळ नव्हती. अहवालात कडा स्वच्छ आल्यावर कपाळाचा फ्लॅप खाली आणून त्याचे टोक आत दुमडले, म्हणजे अस्तरही त्याचेच झाले. महिन्याने तो उचलून आतील चरबी कमी केली आणि मध्ये कूर्चेची पट्टी बसविली. आणखी महिन्याने देठ कापला.

ते दोन महिने सर्वांत कठीण. भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पूल, एका डोळ्याच्या दृष्टीआड येणारा. घरातील आरसे आईने झाकून ठेवले होते. मुलगी मात्र त्याला गणपतीची सोंड म्हणे आणि भावाला हात लावू देण्याचे दोन चॉकलेट घेई. हे मला आईने नंतर सांगितले. पालकांना हा काळ आधी, शक्य तर छायाचित्रांसह, सांगितलाच पाहिजे. न सांगितल्यास, काहीतरी भयंकर बिघडले आहे असे समजून ते देठ कापण्याआधीच दुसरीकडे जातात.

अंतिम रूपाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गॅरी बर्गेट आणि फ्रेडरिक मेनिक या अमेरिकन सर्जनांनी 1985 साली नाकाचे उपविभाग करून काम करण्याचे तत्त्व मांडले : कणा, शेंडा, दोन नाकपुड्यांमधला स्तंभ, दोन बाजू, दोन नाकपुड्या आणि त्यांच्या कडेचे दोन मऊ त्रिकोण, असे नऊ. डोळ्याला व्रण दिसतो तो त्याच्या लांबीमुळे नव्हे, तर तो भलत्या जागी आल्यामुळे. उपविभागाचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल, तर उरलेलाही काढून पूर्ण उपविभाग नवा करावा, म्हणजे व्रण उजेड-सावलीच्या नैसर्गिक रेषेत लपतो. निरोगी त्वचा काढण्याची कल्पना ऐकून मी प्रथम दचकलो होतो; निकाल पाहिल्यावर पटली. सर्वच सर्जन हा नियम तंतोतंत पाळीत नाहीत, आणि मुलांच्या बाबतीत तर त्यांनी पाळू नये असे मला वाटते. मूल वाढते तसे नाक वाढते, व्रण वाढत नाही. सोळा-सतराव्या वर्षी थोडी डागडुजी करावीच लागते. तिचीही करावी लागली.

आता आपल्या दवाखान्यातले. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून चेहऱ्यावर ठिपके, थोड्याशा उन्हाने भाजणे, प्रकाशाकडे न पाहणे, यांतील काहीही आढळले तर घरातील नात्यांची चौकशी करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात पाठवावे. निदान लवकर झाले, तर ऊन टाळून पुष्कळ कर्करोग टाळता येतात : पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, चष्मा, सनस्क्रीन. खिडकीची काच अतिनील किरणांचा एक भाग आत येऊ देते, म्हणून वर्गात व मोटारीत विशेष फिल्म लावावी लागते. ऊन बंद झाले की ड जीवनसत्त्व द्यावे लागते, हे आपण बालरोगतज्ज्ञच विसरतो. दर तीन महिन्यांनी त्वचेची तपासणी, सोबत डोळ्यांची व ऐकण्याची. पुढच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक धोका असतो, हेही सांगावे. आणि हा दुर्मीळ आजार बाजूला ठेवला, तरी शेतात आयुष्य काढलेल्या वडीलधाऱ्यांच्या नाकावरचा, महिन्याभरात न भरणारा, मोत्यासारख्या कडेचा फोड हा 'चिघळलेला मस' नसतो. मलमाची दुसरी ट्यूब लिहिण्याआधी बायॉप्सी लिहावी.

ती मुलगी आता पंचविशीच्या आसपास आहे. नाकानंतर गाल, पापणी आणि ओठ यांवरील गाठी वेळोवेळी काढाव्या लागल्या. प्रत्येक वेळी त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतानाच सापडल्या, कारण आता आरसा पाहण्याचे काम ती स्वतः करते. दिवे लागल्यावर गल्लीतील मुलांच्या शिकवण्या घेते. माझे वय तिच्या उपयोगाचे राहिलेले नाही, तरी दवाखाना बंद होण्याच्या सुमारास ती येतेच. मागील महिन्यात आली ती कपाळावरच्या जुन्या व्रणाशेजारचा एक खरखरीत ठिपका दाखवावयास. मी भिंग घेऊन पाहिला आणि त्वचारोगतज्ज्ञ मित्रास फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सायंकाळी सातची वेळ दिली.